जीपमधून उतरून आफ्रिका कशी बघावी?

रानवाट: जुलै-ऑगस्टमध्ये जायचंय. नुसतं जीपमध्ये बसून फिरायचा कंटाळा आहे. काय सुचवाल?

माळढोक: झांबियातलं साउथ लुआंग्वा राष्ट्रीय उद्यान, पायी. कोरड्या दिवसांत गवत बसलेलं असतं, लांबचं दिसतं. बंदूकधारी स्काउट (वनरक्षक) पुढे, बाकी सगळे एका रांगेत, बडबड बंद. निळे-काळे कपडे नकोत, चावणाऱ्या त्सेत्से माश्या त्यांवरच झेपावतात. सिंह समोर आला तर पळायचं नाही, मुळीच नाही.

पाणकोंबडी: बोट्सवानात ओकावांगो नदीचा त्रिभुज प्रदेश, होडीतून. अंगोलातल्या पावसाचं पाणी तिथे काही महिन्यांनी पोचतं, म्हणून ऐन कोरड्या हंगामात पूर असतो. मोकोरो या तिथल्या अरुंद होडीचा काठ पाण्याच्या जेमतेम वर असतो. फोटोसाठी उभं राहिलात की उलटलीच समजा. पाणघोडे खोल पाण्यात असतात, म्हणून नावाडी उथळ पाण्यातल्या लव्हाळ्यांतून नेतो. ‘जरा मध्ये घ्या’ म्हणू नका.

डोंगरदरी: चढायची तयारी असेल तर गोरिला. परवाना आधी मिळवा, मग विमान! युगांडात ८०० डॉलर, रवांडात १५००. गटात ८ जण, गोरिलांजवळ १ तास, वय किमान १५. सर्दी-खोकला असेल तर सोडत नाहीत, कारण तो त्यांना लागतो. जाड हातमोजे न्या, युगांडातल्या ब्विंडीच्या जंगलात खाजरी झुडपं फार.