गाडी चालवताना फोन : तुमचे अनुभव लिहा

काल सिग्नलला शेजारच्या गाडीतला मुलगा मांडीवर फोन ठेवून टाइप करत होता. मागच्यांनी हॉर्न वाजवले तेव्हा कुठे त्याने मान वर केली. आणि मला ११ वर्षांपूर्वीची ती संध्याकाळ आठवली. गाडी मी चालवत होते, लेक मागे झोपलेली. 'निघालीस का?' एवढाच मेसेज. 'हो' लिहायला खाली बघितलं, वर बघते तर काचभर ट्रकचे लाल दिवे. ब्रेक कसा लागला ठाऊक नाही. फोन सीटखाली जाऊन पडला होता, त्यावर नुसता 'ह' उमटलेला. रात्रभर तो 'ह' डोळ्यांसमोरून हलला नाही. तुमच्यावर असं काही गुदरलंय का?

–

बाई गं, पोटात गोळाच आला. लेक बरी होती ना?

–

जागीसुद्धा झाली नाही ती.

–

आमच्याकडे दुचाकी. भाऊ हेल्मेटमध्ये फोन खुपसून बोलायचा. वळणावर फोन निसटला, तो धरायला गेला न् हँडल सुटलं. ३ वर्षं झाली, डावा हात अजून खांद्याच्या वर जात नाही. शर्ट घालताना वहिनी बाही धरते.

–

ताशी ६० म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. २ सेकंद खाली बघितलंत तर ३३ मीटर गाडी आंधळी गेली. ब्रेकचा विचार त्यानंतर. जागतिक आरोग्य संघटनाही सांगते, चालवताना मोबाइल वापरला तर अपघाताचा धोका सुमारे चौपट.

–

मी ब्लूटूथवर बोलते, हात मोकळे असतात. ते चालतं ना?

–

नाही हो ताई. हात मोकळे, पण डोकं अडकलेलं. आईच्या रिपोर्टबद्दल बोलत मी ४ किलोमीटर गेलो, मधला एक सिग्नल आठवेना. शेजारी बसलेला माणूस गर्दी बघून गप्प तरी होतो. फोनवरच्याला काय दिसतंय?

–

पटलं. म्हणजे फोन करणाऱ्यानेही भान ठेवायला हवं. मी आता आधी 'गाडीवर आहेस का' विचारते, हो म्हटलं की ठेवून देते.

–

आईंची तब्येत कशी आहे आता दादा?

–

बरी आहे, विचारलंत, बरं वाटलं.

–

गाडी सुरू असताना मेसेज आपोआप बंद ठेवता येतात ना? आयफोन आहे.

–

सेटिंग्जमध्ये फोकस, त्यात ड्रायव्हिंग.

–

सापडलं. नवऱ्याच्याही फोनवर लावतेय, तो आता निघेलच.