वाव की परस? जुन्या सागरी नकाशावरचे आकडे मराठीत कसे लिहावेत

गोदाकाठ:
प्रश्न लहान आहे, पण छपाई त्यावर अडली आहे. नाशिकच्या एका वाचनालयात चौल-रेवदंड्याच्या जुन्या नकाशांच्या प्रती लावायच्या आहेत. 1635 सालचा पोर्तुगीज आराखडा, इंग्रजी अमदानीतला सागरी नकाशा, एक इंची टोपोशीट (एका इंचात एक मैल दाखवणारा सरकारी भूनकाशा) आणि गावनकाशा, असे चार. सागरी नकाशात खाडीच्या तोंडाशी आकडे विखुरले आहेत आणि शीर्षकाखाली ‘खोली फॅदममध्ये’ अशा अर्थाची ओळ आहे. मथळ्यात ‘तीन वाव पाणी’ असं लिहिलं होतं. पहिल्या तपासनिसांचा शेरा आला, “वाव म्हणजे संधी. ‘परस’ करा, आपल्याकडे कळेल.” दुसऱ्यांचा शेरा, “फॅदमच ठेवा, उगाच शब्द पाडू नका.” काय ठेवू?

अष्टागरी:
वाव. हा पाडलेला शब्द नाही, किनाऱ्यावर रोजच्या वापरातला आहे. दोन्ही हात आडवे ताणल्यावर एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर म्हणजे एक वाव. दोर पाण्यातून ओढताना माणूस हात फाकवतो, एक झाला. पुन्हा फाकवतो, दोन झाले. मोजायला पट्टी लागत नाही. फॅदमही मुळात हेच माप, नंतर 6 फुटांवर, म्हणजे 1.83 मीटरवर पक्कं झालेलं. संस्कृत ‘व्याम’वरून वांव. ग्रामचं गाव, नामचं नाव, तसंच.

माळरान:
व्युत्पत्ती झकास, पण प्रदर्शन नाशकात आहे. निफाड-सिन्नरकडच्या माणसाला ‘सात परस विहीर’ म्हटलं की खोली डोळ्यांपुढे येते. ‘तीन वाव पाणी’ वाचून तो म्हणेल, पाण्याला कसली संधी? शब्द वाचकासाठी असतो.

शुद्धिपत्र:
परस घेतलात तर आकडाच चुकेल. परस म्हणजे पुरुष, उभ्या माणसाचं माप. डोक्यापर्यंत धरला तर साडेपाच फूट, हात वर केला तर साडेसातच्या घरात. विहीर खणणाऱ्यांमध्येही यावर एकमत नसतं. मग तीन परस म्हणजे साडेसोळा फूट की साडेबावीस? सागरी नकाशावरचे तीन म्हणजे अठरा फूट, कमी नाही, जास्त नाही. आणि दोन अर्थांचंच वावडं असेल तर परस म्हणजे घरामागचं अंगणही आहे. ‘तीन परस पाणी’ वाचून कुणी म्हणेल, मागच्या दारी पाणी शिरलं.

माळरान:
परसदार वेगळं, परस वेगळा. मुद्दाम घोळ घालू नका.

शुद्धिपत्र:
संधीचा वाव वेगळा, मापाचा वाव वेगळा. घोळ कोणी घातला?

अष्टागरी:
वेगळे कसे? हात पसरायला जागा मिळाली की वाव मिळाला. एकाच शब्दाचे दोन पदर आहेत.

शुद्धिपत्र:
ऐकायला गोड आहे, एवढंच. संधीचा वाव ‘अवकाश’कडून आला असंही म्हणता येतं. कोशात शेजारी बसले म्हणून शब्द भाऊ होत नाहीत.

खूणगाठ:
तुमचं चालू द्या, पण मथळा लिहिणाऱ्यानं आधी आकडे नीट वाचायला हवेत. वाव लिहा नाहीतर फॅदम, पुढच्या चार गोष्टी चुकल्या तर शब्द अचूक असूनही मथळा खोटा ठरेल.

एक, ही खोली मोठ्या ओहोटीच्या पाण्यापासून मोजलेली असते. जहाजाला कमीत कमी किती पाणी मिळेल, एवढंच नावाड्याला हवं असतं. मुंबईच्या आसपास उधाणाच्या दिवसांत पाणी चारेक मीटर चढतं. म्हणजे नकाशावर जिथे 3 आहे तिथे ओहोटीला साडेपाच मीटर आणि मोठ्या भरतीला नऊच्या वर. ‘पाणी तीन वाव होतं’ एवढंच लिहिलं तर वाचक कायमचं तेवढंच समजेल.

दोन, 3 च्या पायाशी बारीक 2 असेल तर ते तीन वाव दोन फूट, म्हणजे वीस फूट. तो 32 वाचला जातो. प्रत लहान करून छापली की हमखास.

तीन, आकड्याखाली रेघ असेल तर ती खोली नसून उंची आहे. ओहोटीला ती जागा पाण्याबाहेर येते आणि इतकी वर राहते. किनाऱ्यालगतच्या खडपांवर आणि चिखलावर असे आकडे असतात. त्यांनाही ‘वाव खोल’ लिहिलंत तर जमिनीचा समुद्र होईल.

चार, आकड्यावर आडवी रेघ आणि तिच्यावर टिंब असेल तर तेवढा दोर सोडूनही तळ लागला नाही.

अष्टागरी:
या चौथ्याला तयार मराठी आहे. ‘वीस वावांवर थांग नाही.’ थांग म्हणजे पाण्याचा तळच. अथांग, थांगपत्ता ही सगळी त्याचीच पिलावळ. ‘तळ आढळून आला नाही’ असलं सरकारी मराठी छापू नका.

माळरान:
थांग की ठाव? आमच्याकडे विहिरीचा ठाव लागतो.

अष्टागरी:
ठाव म्हणजे जागा, टेकायला आधार. थांग म्हणजे खोलीचा अंत. ठाव पायाला लागतो, थांग दोराला.

शुद्धिपत्र:
हा भेद तुम्ही आत्ता केलात. बोलण्यात दोन्ही सर्रास एकमेकांच्या जागी येतात.

गोदाकाठ:
काही आकड्यांशेजारी एकेक रोमन अक्षरही आहे, एम, एस, आर. त्याचं काय करायचं?

खूणगाठ:
तळाचा प्रकार. एम म्हणजे चिखल, एस म्हणजे वाळू, आर म्हणजे खडक. दोराच्या टोकाला शिशाचा लांबट गोळा असे, हातानं फेकायचा तो सात ते चौदा पौंडांचा. त्याच्या बुडाला खळगा ठेवलेला असे, त्यात चरबी भरायची. गोळा तळाला टेकला की तिथली वाळू किंवा शंखांचा चुरा चरबीला चिकटून वर येई. चरबी कोरी आली आणि गोळ्यावर ठोका उमटला तर खाली खडक. दोरावर 2, 3, 5, 7, 10 वावांवर चामड्याच्या किंवा कापडाच्या खुणा बांधलेल्या असत. अंधारात बोटांनी चाचपून कळावं म्हणून प्रत्येक खुणेचा जिन्नस वेगळा. मधले आकडे अंदाजानं सांगायचे. म्हणून जुन्या नकाशात भर पाण्यातली खोली सरळ पूर्ण वावांत मिळते आणि फुटांचा हिशेब उथळ पाण्यातच दिसतो.

माळरान:
मापांवरून आठवलं. 1635 च्या आराखड्याचं प्रमाण ब्रासांमध्ये असतं ना? म्हणजे आपल्या वाळूच्या गाडीचा ब्रास तिथूनच आला की. पोर्तुगीज ‘ब्रासा’ म्हणजे बाहू.

शुद्धिपत्र:
आपला ब्रास म्हणजे 100 घनफूट. पोर्तुगीज ब्रासा ही लांबी, दहा वीत, सुमारे 2.2 मीटर. त्याचा घन केला तर साडेदहा घनमीटर होतात आणि आपला ब्रास 2.83 घनमीटर. गणित जुळत नाही.

माळरान:
गणित जुळायला कशाला हवं? नाव उचललं जातं, माप बदलतं. फरशीवाला तर 100 चौरस फुटांनाही ब्रास म्हणतो.

खूणगाठ:
व्युत्पत्ती राहू द्या, यात कामाचा मुद्दा आहे तो धरा. ब्रासा 2.2 मीटर आणि फॅदम 1.83. दोन्हींना ‘वाव’ लिहून एकाच मापानं मीटर काढले तर पोर्तुगीज आराखड्यातली तटबंदी रुपयाला पावणेतीन आणे आखूड होईल. त्या आराखड्यावर अंतर मोजण्याचा फार सोस नकोच. तो वरून आणि समोरून एकदमच काढलेला असतो. चर्च आणि बुरूज उभे दिसतात, महत्त्वाची इमारत मोठी, घरं मोघम. तट कोणत्या दिशेला वळतो, दरवाजे कुठे, खाडीपलीकडे कोर्लईचा डोंगर कसा, एवढ्यासाठी तो वाचावा.

गोदाकाठ:
मग मूळ प्रश्न? ‘वाव’ ठेवून कंसात मीटर दिले तर?

शुद्धिपत्र:
‘3 फॅदम’ लिहा, खाली मीटर द्या. नकाशावर छापलंय तेच मथळ्यात दिसलं पाहिजे. वाचक काचेपाशी उभा राहून नकाशा आणि मथळा ताडून बघणार.

अष्टागरी:
मग ‘टँक’चंही टँकच ठेवणार का?

गोदाकाठ:
बरं आठवलं. टोपोशीटवर चौलमध्ये पाच-सहा ठिकाणी टँक आहे. मसुद्यात सगळीकडे ‘पाण्याची टाकी’ झालंय.

अष्टागरी:
अरे देवा. ती तळी आहेत. चौलच्या रामेश्वरासमोर आहे ती बांधीव पुष्करणी. किल्ल्यावर खडकात खोदलेलं असेल तर टाकं. इंग्रजी नकाशात या तिघांना एकच शब्द, मराठीत प्रत्येक वेळी जागा बघून ठरवावं लागतं. रामकुंडाला कुणी रामटाकी म्हटलं तर चालेल का?

खूणगाठ:
ती पुष्करणी जपून ठेवा, जुना नकाशा आजच्या नकाशावर बसवायला तीच कामाला येईल. दगडी काठाचा कोपरा शंभर-दोनशे वर्षं हलत नाही. रेवदंड्याचा सातखणी मनोरा, तटाचे बुरूज, कोर्लईच्या किल्ल्याचे कोपरे, या ताणखुणा चांगल्या. खाडीचा काठ, पुळणीची कड, तिवरांची हद्द कधीही घेऊ नका. ते सरकलं का, हेच तर शोधायचं आहे. त्यालाच खिळा मारला तर उत्तर आधीच ‘सरकलं नाही’ येणार.

क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणक-प्रणालीत जुना नकाशा बसवताना पहिल्या घाताच्या (सगळ्यात साध्या) जुळणीला अशा खुणांचे तीन बिंदू पुरतात, पण तिनांवर चूक दिसतच नाही. निदान आठ घ्या, चारही कोपऱ्यांत विखुरलेले. दुसऱ्या घाताला किमान सहा लागतात, तिसऱ्याला दहा. ‘थिन प्लेट स्प्लाइन’ निवडला की शिल्लक चूक शून्य दिसते आणि लोक खूश होतात. ती पद्धत प्रत्येक बिंदूतून नकाशा ओढून नेते, म्हणून शून्य. एक बिंदू चुकीचा टिचकवला असेल तर त्याच्याभोवतीचा भाग चिमटा काढल्यासारखा गोळा होतो. स्कॅन घडीवरून वाकलं असेल तरीही तसंच. म्हणून कागद सपाट काचेवर ठेवून स्कॅन करावा, मोबाइलनं फोटो काढू नये.

जुन्या टोपोशीटच्या समासात रेखांशाची टीप असते, तीही वाचा. या शीटांची रेखांशं मद्रास वेधशाळेवरून मोजलेली, आणि तिचं रेखांश आधी 80 अंश 17 मिनिटं 21 सेकंद धरलं होतं, ते 2 मिनिटं 27 सेकंदांनी जास्त निघालं. दुरुस्ती न करता समासातले आकडे भरले तर रेवदंडा सव्वाचार किलोमीटर पूर्वेला जातो.

माळरान:
टोपोशीटचा नंबर कुठला? नाशिकची शोधताना फार वैताग होतो.

खूणगाठ:
रेवदंडा 47 बी/14. नाशिकचा वैताग खरा आहे, कारण 20 अक्षांशाची रेघ शहरातूनच जाते. पंचवटी 46 एच/16 वर, सातपूर 47 ई/9 वर. एक गाव बघायला शीटा जोडाव्या लागतात.

गोदाकाठ:
त्या रेवदंड्याच्या शीटवर रोमनमध्ये ‘आगर’ असं जागोजाग आहे. मसुद्यात ‘आगार’ झालंय. बरोबर ना?

अष्टागरी:
आगार एस.टी.चं! हे आगर. नारळी-पोफळीची वाडी. चौल, रेवदंडा, नागाव, अक्षी या पट्ट्याचं नावच अष्टागर.

शुद्धिपत्र:
आगर म्हणजे मिठाचंही, मीठागर. रोमनमध्ये ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही, त्यामुळे आगर, आगार, अगर तिन्ही एकाच साच्यात. मुळात आगर आणि आगार एकच, ‘साठ्याची जागा’.

अष्टागरी:
‘आकर’, खाण, त्यावरून आगर. मीठ पिकतं तिथे.

माळरान:
नारळ खाणीतून निघतो का?

खूणगाठ:
व्युत्पत्तीपेक्षा खूण बघा. नावाखाली झाडांची चिन्हं असतील तर वाडी. बारीक चौकटींची जाळी असेल तर मिठाची कोंडी. आणि दोन्ही नसून खाडीकाठानं नागमोडी बांध जात असेल तर ती खार, भाताची. त्या बांधाची रेघ गावनकाशावर शेतांची हद्द म्हणून बहुधा तशीच सापडते. बांधात पाणी सोडायची झडप असते ती ‘उघाडी’, आणि बांध फुटून पडलेलं भगदाड म्हणजे ‘खांड’. खांड पडलेल्या जागी नवा बांध मागे सरकवून घालतात. त्यामुळे गावनकाशावर एखादी हद्द अचानक अर्धगोल आत वळलेली दिसली तर तिथे एकदा समुद्र आत आला होता का, हे तपासून बघण्यासारखं असतं.

शुद्धिपत्र:
उघाडी म्हणजे पाऊस उघडतो तीसुद्धा.

अष्टागरी:
असू दे की! आणि ‘रेवदांडा’ लिहा, ‘रेवदंडा’ नको. दांडा म्हणजे पाण्यात गेलेली वाळूची जीभ. खारदांडा, दांडा-राजपुरी तसंच. सागरी नकाशात आकार दिसतोच आहे, रेव आणि दांडा.

शुद्धिपत्र:
पाटीवर, दाखल्यावर रेवदंडा आहे. रेवतीक्षेत्रावरून नाव आलं असंही गावात सांगतात. आकार बघून शुद्धलेखन बदलायला लागलो तर नाशिकचं काय करायचं? इंग्रजांनी ‘नॅसिक’ लिहिलं, शेजारी नदीला गोदावरी लिहिलं, आणि गावात सगळे ‘गंगेवर’ जातात.

गोदाकाठ:
सोमवारी छापायला द्यायचंय. सध्या ‘3 वाव (फॅदम), मोठ्या ओहोटीला सुमारे साडेपाच मीटर’ असं ठेवतो.

माळरान:
परस कुठे गेला?

खूणगाठ:
सोमवारच्या आधी एक बघा. टोपोशीटच्या मथळ्यात ‘1 इंच = 1 मैल’ असं असेल तर ते काढा. प्रत मोठी करून छापली की ते खोटं होतं. दीडपट केली तर दीड इंच = 1 मैल. नकाशावरच छापलेली रेघ-पट्टी तेवढी नकाशाबरोबर वाढते, म्हणून ती कापली जाऊ देऊ नका, आणि मथळ्यात ‘खालच्या प्रमाणपट्टीवरून मोजा’ एवढंच लिहा.

शुद्धिपत्र:
‘प्रमाणपट्टी’ म्हणजे काय? मोजपट्टी म्हणा.

अष्टागरी:
मोजपट्टी शाळेच्या दप्तरात असते.

माळरान:
स्केल म्हणा ना सरळ.