ड्यूई बाल्फा: स्कूलबस चालवणाऱ्या माणसाची 'कारकीर्द' नेमकी कोणती?

चिंचबन
गेले काही महिने केजन संगीत (अमेरिकेत लुईझियानातल्या फ्रेंच भाषिकांचं लोकसंगीत) ऐकतोय. सुरुवात बोसोले या बँडपासून झाली, तिथून मागे मागे जात बाल्फा ब्रदर्सपाशी (फिडलवादक ड्यूई बाल्फा आणि त्याच्या भावांचा बँड) पोचलो आणि तिथेच अडकलोय.

ड्यूई बाल्फाबद्दल जिथे वाचावं तिथे 'केजन संगीताचा राजदूत' वगैरे लिहिलेलं असतं. पण माणसाचा दिनक्रम बघितला तर शेती, विम्याची एजंटी, फर्निचरचं दुकान आणि शाळेची बस चालवणं. रेकॉर्ड्स बेताच्याच. मग इतकं नाव कशाचं? १९६४ च्या न्यूपोर्टच्या (अमेरिकेतल्या) लोकसंगीत महोत्सवात गाजला म्हणून? एका कार्यक्रमावर एवढी कीर्ती उभी राहत नाही.

दुसरा प्रश्न वादनाचा. रेकॉर्डमध्ये दोन फिडल (म्हणजे व्हायोलिनच) ऐकू येतात. एकावर चाल असते, दुसरं खाली काहीतरी घासत बसलेलं असतं. ते नेमकं काय करतंय? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

मंद्र
नोकरीनिमित्त लुईझियानातल्या लाफायेटमध्ये बरीच वर्षं काढली, त्यामुळे गप्प बसवत नाही.

पहिली गोष्ट, त्या भागात त्या काळी वाजवण्यावर घर चालवणारे फार थोडे. बाल्फाचे वडील वाट्याने शेती करायचे आणि फिडल वाजवायचे. शनिवारी रात्री कुणाच्या तरी घरातलं सामान बाहेर काढायचं, तान्ही पोरं आतल्या खोलीत झोपवायची आणि पहाटेपर्यंत नाच. ड्यूईचा जन्म १९२७ चा, मामू गावाजवळचा. तो यातच वाढला. त्यामुळे बस चालवणं आणि फिडल वाजवणं यात त्याला स्वतःला काही विसंगती दिसली असेल असं मला वाटत नाही. ती आपल्याला दिसते.

दुसरी गोष्ट लाजेची, आणि ती कळल्याशिवाय न्यूपोर्ट कळत नाही. ही माणसं मूळची अकेडियाची, म्हणजे आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या बाजूची. १७५५ पासून इंग्रजांनी त्यांना तिथून हुसकावलं आणि त्यातली बरीच पुढे लुईझियानात येऊन वसली. तिथे दीडशे वर्षं त्यांची फ्रेंच टिकली. मग १९२१ च्या राज्यघटनेने शाळा फक्त इंग्रजीच्या केल्या. वर्गात फ्रेंच बोललं की शिक्षा. ज्यांनी ती भोगली त्यांनी आपल्या पोरांशी फ्रेंच बोलणंच सोडलं. त्या भाषेतलं जुनं संगीतही मग गावंढळ ठरलं. त्याला 'चँक-अ-चँक' म्हणायचे, आणि ते कौतुकाने नव्हे.

अशा वेळी न्यूपोर्टसाठी कलाकार शोधत राल्फ रिन्झलर तिथे पोचला. स्थानिक वर्तमानपत्राच्या संपादकाने खिल्ली उडवली, की ही मंडळी जगासमोर आपलं हसं करून घेणार. ड्यूई तर ऐनवेळचा बदली गडी होता. फिडल नव्हे, गिटार घेऊन उभा! तोवर दोनशे माणसंही एका जागी पाहिली नसतील, असं तो नंतर सांगायचा. तिथे समोर १७,००० होते आणि ते यांना मंचावरून उतरू देईनात.

ही गोष्ट सगळीकडे सापडते. तिच्यापुढचं कुणी नीट सांगत नाही. एरवी न्यूपोर्ट गाजवलेला माणूस न्यूयॉर्कच्या वाऱ्या करत बसला असता. हा घरी आला आणि लोकांच्या मागे लागला. व्हिल प्लॅटच्या फ्लॉइड स्वालोला (स्वालो रेकॉर्ड्सचा मालक, आडनावाचं स्पेलिंग Soileau, उच्चार मात्र 'स्वालो'सारखा) जुन्या पद्धतीची रेकॉर्ड काढायला तयार केलं. ती कोण विकत घेणार, असा त्या व्यापाऱ्याला प्रश्न पडला होता. १९६७ साली ड्यूई भावांनाच घेऊन न्यूपोर्टला गेला. १९६८ साली फ्रेंच वाचवण्यासाठी कोडोफिल ही सरकारी संस्था निघाली. तिने परदेशातून फ्रेंचचे शिक्षक आणले. घरच्या म्हाताऱ्या वादकांकडे मात्र तिचं लक्ष वळायला वेळ लागला, आणि ते वळवणाऱ्यांत ड्यूई होता.

मग २६ मार्च १९७४, केजन संगीताच्या गौरवाचा कार्यक्रम. लाफायेटचं ब्लॅकहॅम कोलिसियम, बाहेर वादळी पाऊस, आत खच्चून गर्दी. आयोजकांनी मुद्दाम खुर्च्या मांडल्या होत्या, नाचायला जागाच ठेवली नाही. या संगीतावर लोक पिढ्यानपिढ्या नाचले होते, बसून ऐकलं नव्हतं. मला विचाराल तर ड्यूईच्या कारकिर्दीचा मध्यबिंदू ही रात्र आहे, न्यूपोर्ट नव्हे. तिच्यातूनच लाफायेटचा आजचा 'फेस्तिव्हाल अकादियाँ ए क्रेओल' उभा राहिला.

त्यानंतर फिडल घेऊन तो शाळांतून फिरला, ज्या शाळांनी भाषा मारली त्याच शाळांतून. पोरांना वाजवून दाखवायचं, गोष्टी सांगायच्या. याच्या रेकॉर्ड्स निघत नाहीत, म्हणून तुम्हाला कारकीर्द रिकामी दिसते.

१९७९ साली मोटार अपघातात विल आणि रॉडनी हे दोन भाऊ गेले. पुढच्याच वर्षी बायको गेली. १९८२ साली नॅशनल हेरिटेज फेलोशिप हा लोककलावंतांसाठीचा अमेरिकी सरकारी सन्मान सुरू झाला, त्याच्या पहिल्याच यादीत ड्यूई होता. वाजवणं आणि शिकवणं १९९२ साली जाईपर्यंत चालू होतं.

गजवाला
मंद्र यांच्या प्रतिसादाला +१. त्या रेकॉर्डवाल्याच्या आडनावाचा घोळ मात्र सोडून द्या, आपण 'फ्लॉइड' म्हणू!

दुसऱ्या फिडलबद्दल. मी व्हायोलिन शिकलो आहे आणि हाताला सगळ्यात जड गेलं ते हेच. याला 'सेकंडिंग' म्हणतात. ड्यूई वरच्या पट्टीत चाल वाजवतो आणि विल खालच्या तारांवर, बहुतेक वेळा दोन तारा एकदम घासत, ताल आणि आधार दोन्ही देतो. घरातल्या नाचात ना ड्रम होते ना माइक. हा आवाजच पायांना ठेका द्यायचा. सोबत गवत ओढायच्या दाताळ्याच्या सळीतून वाकवलेला ट्रायँगल.

अकॉर्डियन आलं आणि फिडलची पंचाईत झाली. हे आपल्या पेटीसारखं नाही. पेटीची पट्टी एकदा दाबली की भाता कसाही हलवा, सूर तोच. इथे दहाच बटणं, आणि भाता दाबला की एक सूर, ओढला की दुसरा. शिवाय वाद्य एकाच स्वरमेळाचं, बहुधा सी. म्हणून फिडलवाले चारही तारा एक पूर्ण स्वर उतरवून लावतात. बोटं डी ची पडतात, आवाज सी चा येतो. तारा सैल झाल्यामुळे नाद थोडा भरड होतो. तुम्हाला 'घासतंय' वाटलं त्यात याचाही हात असणार.

भावांच्या सुरुवातीच्या रेकॉर्डिंगमध्ये हेडफोन लावून फक्त विलवर कान ठेवा. १९७९ नंतर ती जोडी ऐकायला मिळत नाही.

उलटतपासणी
थोडं विरजण घालतो. न्यूपोर्टच्या कथेत असं भासतं की संगीत मेलं होतं आणि ड्यूईने जिवंत केलं. तसं नाही. पहिली केजन रेकॉर्ड १९२८ ची, जो फाल्कन आणि क्लेओमा ब्रो यांची. पुढे अकॉर्डियन मागे पडलं, स्टील गिटारवाले बँड आले, हे खरं. पण १९४८ पासून आयरी लेज्यूनने अकॉर्डियन पुन्हा डान्स हॉलमध्ये आणलं, तेही कुठल्या महोत्सवाच्या मदतीशिवाय. अकॉर्डियनवाला नेथन ॲबशायरही वाजवतच होता. कष्टकरी लोकांनी हे संगीत कधी सोडलंच नव्हतं. लाज होती ती वर सरकू पाहणाऱ्यांना.

आणि दुसरं, या चर्चेत अजून एकाही काळ्या वादकाचं नाव आलेलं नाही. अमेदे आर्द्वाँ हा क्रेओल (तिथला फ्रेंच बोलणारा काळा) अकॉर्डियनवादक आणि डेनिस मॅगी हा गोरा फिडलवादक १९२९ साली एकत्र रेकॉर्ड करत होते, त्या काळच्या दक्षिणेत! आज वाजणाऱ्या कितीतरी चाली अमेदेच्या बोटांतून आल्या आहेत.

मंद्र
अमेदेबद्दल शंभर टक्के मान्य. डान्स हॉलबद्दलही मान्य. पण लेज्यून १९५५ साली गेला आणि त्यानंतरची पोरं रॉक अँड रोलकडे वळत होती. हॉल भरणं वेगळं आणि मुलांनी बापाकडून वाद्य मागून घेणं वेगळं. बोसोलेचा मायकेल डूसे ड्यूईकडे आणि त्याच्या आधीच्या म्हाताऱ्या फिडलवाल्यांकडे शिकला. मामूचा स्टीव्ह रायली पोरवयात ड्यूईबरोबर वाजवायला लागला. मुलगी क्रिस्टीनने 'बाल्फा तूझूर' काढला. ही साखळी डान्स हॉलने आपोआप तयार केली नसती.

चिंचबन
सर्वांचे आभार. विलवर कान ठेवून ऐकलं आणि आता चाल ऐकूच येईना, सगळं लक्ष खालीच जातंय. :)

डिसेंबरात ह्यूस्टनला बहिणीकडे जाणार आहे. तिथून एका दिवसात हे कुठे ऐकता येईल?

मंद्र
शनिवार धरा. आय-१० महामार्गावरून पूर्वेकडे, क्रॉलीला उतरून उत्तरेला यूनिस. तीन-साडेतीन तास लागतात, त्यामुळे अंधारातच निघा. मार्क साव्ह्वाचं (स्पेलिंगमध्ये 'सॅव्हॉय' दिसेल) वाद्यांचं दुकान १९६६ पासून तिथे आहे, तो अकॉर्डियन स्वतः बनवतो. शनिवारी सकाळी तिथे गावातले वादक जमतात. जाण्याआधी फोन करून खात्री करून घ्या. तोच रस्ता पुढे मामूला जातो, तिथे फ्रेड्स लाउंजमध्ये शनिवारी सकाळी नाच असतो. दोन्ही गाठायचं तर यूनिसमध्ये फार रेंगाळू नका.

फिडल नेणार असाल तर मागच्या खुर्चीत बसा आणि सेकंडिंग करा, कुणी हरकत घेणार नाही. ट्रायँगल मात्र एका वेळी एकच चालतो, आणि तो आधीच कुणीतरी पटकावलेला असतो.