लाईन 19 दिवस बंद, आगाऊ भरलेले पैसे मात्र गेले ते गेलेच?

गुहागरकर: गावच्या घरी फायबरचं इंटरनेट घेतलंय. महिन्याला 600 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 708. पण आमच्याकडे महिन्याचे घेतच नाहीत, सहा महिन्यांचे एकदम, 4248 रुपये. जूनमध्ये भरले. जुलैत आंब्याची फांदी वायरवर आली आणि डब्यावर लाल दिवा लागला, तो 19 दिवस लुकलुकत होता. रोज फोन, रोज "उद्या माणूस येतोय". शेवटी लाईन आली, तेव्हा म्हटलं, हे दिवस पुढे वाढवून द्या. तर म्हणे, "सिस्टीममध्ये तारीख बदलत नाही, आणि फांदी काय आम्ही पाडली?" हिशोबाने जेमतेम साडेचारशे होतात. पण मुलगी घरून काम करते, ती तेवढे दिवस छत्री घेऊन सड्यावर रेंज शोधत होती. माझं म्हणणं, आगाऊ पैसे घेणंच बंद करा.

शिडीवाला: दापोली बाजूला हाच धंदा करतो, त्यामुळे शिव्या खायला आलोच आहे. आगाऊ का घेतो ते ऐका. वाडीत सात घरं, त्यातली चार कुलूपबंद. तरी वायर सगळ्या वाडीपर्यंत ओढायची. वरच्या कंपनीला बँडविड्थचे पैसे दर महिन्याला द्यायचे, तुमचा दिवा लाल असो की हिरवा. महिन्याचं ठेवलं तर चाकरमानी गणपतीला जोडून घेणार आणि विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी "बंद करा". फांद्यांचं सोडाच, वांदर वायरीवर झोके घेतात. आणि भर पावसात फायबरचा जोड मारता येत नाही, मशीनवर थेंब पडून चालत नाही. परवा घरमालकीण छत्री धरून उभी, मी शिडीवर आणि पायावर डोंगळे!

कायदा_पाहून_बोला: डोंगळ्यांबद्दल सहानुभूती आहे. पण ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामकाचे, सेवा-दर्जाचे नवे नियम 1 ऑक्टोबर 2024 पासून लागू आहेत. वायरच्या लाईनचा बिघाड तीन दिवसांत काढला नाही तर ग्राहकाला भरपाई द्यायची, प्रीपेड असो वा पोस्टपेड. "सिस्टीममध्ये होत नाही" हे उत्तर नव्हे. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं, खांबच्या खांब आडवे झाले, तेव्हा कोणी दिवस मोजले नाहीत. एक फांदी म्हणजे वादळ नव्हे.

वेंगुर्लेकार: तुमका लाईन होयी, हाकेक माणूस होयो, पण पैसे आधी देवक नको. मोठी कंपनी खय येता हो आमच्या वाडीत? ह्यो पोरगो येता तरी.

गुहागरकर: येतो, पण 19 दिवसांनी!

गोरेगाव_ते_राजापूर: आम्हा चाकरमान्यांना उगाच बोल लावू नका. वर्षाला तीन फेऱ्या, गणपती, शिमगा, मे महिना. बाकी दिवस घरात फक्त पाली. घर बंद असताना प्लॅन थांबवायची सोय द्या, वर थोडं भाडं घ्या, देतो. पुरे सहा महिने कशाला?

शिडीवाला: थांबवून ठेवलं तरी वांदर थांबत नाही. पण भाडं खरंच देणार असाल तर विचार करता येईल. आणि गुहागरकर, तीन दिवसांच्या वर लाईन बंद राहिली तर मी दिवस वाढवून देतो. वहीत लिहून ठेवतो, सिस्टीम गेली खड्ड्यात. आगाऊ मात्र घेणारच.

कायदा_पाहून_बोला: मग भांडण आगाऊ पैशांचं नाहीच. बंद दिवसांचं आहे.

गुहागरकर: हे पटलं. आगाऊ देईन, पण पावतीवर लिहून हवं : तीन दिवसांच्या वर बंद राहिली तर तेवढे दिवस पुढे. आमचा माणूस उद्या दुसऱ्या घरी येतोय, तिथेच गाठतो. तक्रार नंबर काढून ठेवलेत, 19 दिवसांचे 6.

वेंगुर्लेकार: शिडी तू धर. वर चढलो काय मग इचार.