विषय: भाच्याची १८५ ची केस आणि गाडीचा इन्शुरन्स

मिलिंद, सॅन होजे

नमस्कार मंडळी,
लिस्टवरच्या सोलापूरकरांना एक विचारायचंय. माझा भाचा जुळे सोलापुरात असतो. हुरडा पार्टी आटोपून होटगी रोडने परत येताना नाकाबंदीत सापडला. मशीनमध्ये फुंकायला लावलं, दारू पिऊन गाडी चालवल्याची, म्हणजे कलम १८५ ची, केस कोर्टात गेली, दहा हजार दंड झाला. दंड भरून झाला, पण गाडी अक्काच्या नावावर आहे आणि रिन्युअल तोंडावर आलंय. इकडे कॅलिफोर्नियात डीयूआय (दारू पिऊन गाडी चालवल्याचा गुन्हा) १० वर्षं रेकॉर्डवर राहतो. तेवढी वर्षं गुड ड्रायव्हरची २० टक्के सवलत बंद, शिवाय इन्शुरन्स असल्याचा एसआर-२२ दाखला कंपनीमार्फत भरायचा. बऱ्याच कंपन्या तर पॉलिसीच पुढे चालवत नाहीत. तिकडे हप्ता किती वाढेल?

शरदकाका, सोलापूर

मिलिंद, अक्का हप्त्याला कशाला घाबरायलीय? थर्ड पार्टीचा, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीच्या विम्याचा, दर सरकार ठरवतं, तोही इंजिनाच्या सीसीवर. हजार ते पंधराशे सीसीला २०२२ मध्ये ३,४१६ रुपये ठरले. गाडी माळकऱ्यानं चालवली काय नि रोज बसणाऱ्यानं चालवली काय, आकडा तोच. ओन डॅमेजचा, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा, हप्ता गाडीची किंमत, वय आणि नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याची सवलत) बघून निघतो. बोनस क्लेम घेतला की जातो, कोर्टात दंड भरल्यानं नाही. जानेवारी २०२१ मध्ये विमा नियामकाच्या समितीनं ट्रॅफिकच्या चलनांचे गुण मोजून हप्ता वाढवायचा मसुदा काढला होता. चुकीच्या पार्किंगला १० गुण, दारूला १००. तो कागदावरच राहिला. मात्र फॉर्ममध्ये चालकाला शिक्षा झालीय का असा रकाना असला, तर खरं तेच लिहा.

आपल्याकडे मार बसतो तो क्लेमच्या वेळी. सर्व्हेअर म्हणून, म्हणजे क्लेममधलं नुकसान तपासताना, मी किती फायली बघितल्या. बंपर, रेडिएटर, सगळं बिलाप्रमाणे बरोबर, आणि मधेच सरकारी दवाखान्याच्या कागदावर डॉक्टरची एक ओळ: तोंडाला दारूचा वास. फाईल तिथंच अडते. रक्त तपासलं नाही म्हणून सुटलो, असंही नाही. दिल्लीत इंडिया गेटजवळ २००७ मध्ये एक पोर्शे आपटली. चालकाची ना ब्रेथ टेस्ट झाली ना रक्ततपासणी, तरी २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं निकाल विमा कंपनीच्या बाजूनं दिला.

मिलिंद

काका, पण गाडी अक्काची. ती तर पीतही नाही, चालवतही नाही. तिचा क्लेम कसा अडवतील?

शरदकाका

पॉलिसीच्या मागच्या बाजूला बघ की. मालक स्वतः, किंवा मालकाला माहीत असताना त्याच्या संमतीनं गाडी चालवणारा, दोघांपैकी कुणीही अमलाखाली असला तर नुकसान कंपनी देत नाही. किल्ली अक्कानंच दिली ना? मग झालं. समोरच्याला लागलं तर कोर्टं कंपनीला आधी भरपाई द्यायला लावतात आणि मालकाकडून वसूल करायची मुभा देतात, असे निकाल आहेत. म्हणजे वसुलीची नोटीस अक्काच्या दारात. भाच्याला हे नीट समजावून सांग, मामाचं ऐकेल.

आणि रिन्युअलची तारीख कळव. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले की बोनस जातो. केसच्या गडबडीत लोक नेमकं तेच विसरतात.