पर्मनंट सोडून कॉन्ट्रॅक्टवर जाऊ का?

लूममिस्त्री_सोलापूर
नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात इलेक्ट्रॉनिक मेंटेनन्सला आहे, रॅपियर लूम म्हणजे माग, जकार्डची (नक्षी विणायच्या यंत्राची) इलेक्ट्रॉनिक कार्डं, सेन्सर सगळं माझ्याकडंच. डिप्लोमा झालाय. पर्मनंट होऊन ८ वर्षं ४ महिने झाले, बेसिक १८ हजार, हातात ३४. आता मालक म्हणायलेत राजीनामा दे, महिन्याला ४५ चं बिल कर आणि बाहेरची कामं पण घे. बाहेर काम आहेच ओ, परवा रात्री ११ ला शेजारच्या कारखान्यातनं फोन आला, जकार्ड बंद, जाऊन बघतो तर कार्डावर टॉवेलचा कापूस बोटभर साचलेला, ब्रशनं साफ केलं, एक कनेक्टर बदलला, १२ ला मशीन चालू. तिथल्या तिथं दीड हजार दिले. पण जुळे सोलापुरात फ्लॅटचा हप्ता चालू आहे, आईला शुगर आहे आणि ती कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आहे. झोप येईना झालीय. कुणी असं केलंय का?

चिंचोलीकर
अण्णा, ३४ आणि ४५ समोरासमोर धरूच नका. मालकाचा पीएफचा वाटा, बोनस, भरपगारी सुट्ट्या, मेडिक्लेम हे सगळं त्या ४५ मधनं तुम्हालाच बघायचंय. ग्रॅच्युइटी मात्र सोडू नका, ५ वर्षं झाल्यावर राजीनामा दिला तरी हक्काची आहे, वर्षाला १५ दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरून, म्हणजे १८ हजार गुणिले १५ भागिले २६ गुणिले ८, निदान ८३ हजार होतात. पीएफच्या पेन्शनला १० वर्षं लागतात, म्हणून पेन्शनचे पैसे काढू नका, स्कीम सर्टिफिकेट (झालेल्या वर्षांचा दाखला) घेऊन ठेवा, उद्या परत नोकरी धरली तर पुढं जोडता येतंय. आणि आईचं राजीनाम्याच्या आधी बघा! ग्रुप पॉलिसीतनं त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का विचारा, नवीन काढली तर शुगरसाठी ३ वर्षांपर्यंत थांबायला लागू शकतं.

परत_नोकरीत
मी २ वर्षं कॉन्ट्रॅक्टवर होतो, आता परत पर्मनंट आहे. काम कधी कमी पडलं नाही, पैसे वेळेवर आले नाहीत. सिद्धेश्वराची गड्डा यात्रा झाली की देतो, मग मार्च एंड होऊ दे, मग पाडवा. पोरीला डेंग्यू झाला तेव्हा तिघांकडनं मिळून लाखभर येणं होतं आणि मी बायकोच्या पाटल्या गहाण ठेवल्या, ती संध्याकाळ अजून विसरलो नाही. ६ महिन्यांचे हप्ते बाजूला असतील तरच उडी घ्या. लोनचं काही बदलायचं असलं तर पगार चालू असतानाच बदला, नंतर बँक २-३ वर्षांचे रिटर्न मागते. परत येताना मात्र कुणी नाव ठेवलं नाही, उलट दहा कारखान्यांतली मशीनं बघितलेला माणूस म्हणून पगार वाढवूनच दिला.

हिशेबनीस
इन्कम टॅक्सच्या अंदाजे नफ्याच्या तरतुदीखाली (जुन्या कायद्यातलं कलम ४४एडीए) इंजिनिअरिंगच्या कामाला निम्मी जमा नफा धरून रिटर्न भरता येतं, तुमचं काम त्यात बसतं का ते सीएकडनं खात्री करून घ्या. वर्षाची जमा २० लाखांच्या आत असली तर जीएसटी नोंदणी लागत नाही. मला खटकतंय ते वेगळंच. रोज ९ ला पंचिंग करायचं, रजा मागून घ्यायची आणि कागदावर कॉन्ट्रॅक्टर, असं असलं तर ती नोकरीच आहे, फक्त हक्क काढून घेतलेली. तासांचं काय ठरलंय?

लूममिस्त्री_सोलापूर
सगळ्यांचे मनापासून आभार. तासांचं विचारलंच नव्हतं ओ, आज विचारलं. मालक म्हणाले, "रोज यायचंच की, फरक काय पडतो?" मी सांगितलं, आठवड्याचे ३ दिवस आणि १० तारखेच्या आत पैसे, हे लिहून द्या, नाहीतर आहे तसं राहू दे. सोमवारी सांगतो म्हणालेत.