मत न देणाऱ्यांच्या सवलती बंदच करा!

रोखठोक: सुट्टी दिली तरी लोक मत द्यायला उतरत नाहीत, वर नंतर सरकारच्या नावाने खडे फोडणार. ब्राझीलमध्ये मत चुकवलं आणि दंडही भरला नाही तर पासपोर्ट अडतो. ऑस्ट्रेलियात १९२२ ला ६० टक्केसुद्धा मतदान झालं नव्हतं, सक्ती आल्यावर १९२५ ला थेट ९१. विषय संपला.

उंटावरचा_शहाणा: संपला काय! तिथला दंड २० डॉलर, सबळ कारण दिलं तर तोही माफ. मतदान शनिवारी, आपल्या राज्यातल्या कुठल्याही केंद्रावर जा. हे सोयीस्कर विसरलात. मी मागच्या वेळी दोन तास रांगेत उभा, टेबलापाशी पोचलो तर नावच गायब. आजोबांचं मात्र फोटोसकट हजर, त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. दंडाची नोटीस कोणाला पाठवणार, त्यांना?

रोखठोक: यादी आधी तपासायची ना राव. कारणं सांगणाऱ्यांमुळेच ही वेळ आलीय.

उंटावरचा_शहाणा: तपासली होती, साहेब. तेव्हा होतं नाव. न वाचता अक्कल शिकवू नका.

खमकी_मावशी: यादीचं तर बोलूच नका. लग्नानंतर माझं नाव दोन्हीकडे, सासरी जुन्या आडनावाने आणि माहेरी नव्या! दुरुस्तीचा फॉर्म तीनदा भरला, तिसऱ्यांदा वय १०४ छापून आलं. केंद्रावरचा पोरगा यादीत बघूनच ओरडला, आजींना खुर्ची द्या. मी बसले. रांग वाचली 😄

सहज_सुचलं: यादीपुराण पुरे, ऑनलाइन मतदान करा की.

उंटावरचा_शहाणा: एस्टोनियात २००५ पासून आहे. २०२३ ला निम्म्याहून जास्त मतं ऑनलाइन पडली, पण एकूण मतदान २००७ ला ६२ टक्क्यांच्या आसपास होतं ते ६३-६४ वर. जे एरवीही गेले असते तेच घरी बसून द्यायला लागले, दुसरं काय.

रोखठोक: म्हणजे फिरून सक्तीच ना? चिलीने २०१२ ला मतदान ऐच्छिक केलं, २०१६ च्या स्थानिक निवडणुकीत ३५ टक्क्यांवर आलं. २०२२ च्या सार्वमताला सक्ती परत आणली तर ८५ च्या वर. बोला आता.

उंटावरचा_शहाणा: बरं बाबा, चिली तुमचं. पण त्याच २०१२ ला तिथे नावनोंदणी आपोआप व्हायला लागली होती, म्हणजे सक्ती परत आली तेव्हा यादी तयार होती. तेवढं आधी करा, मग मीच २० डॉलर भरतो.

रोखठोक: यादी सुधारा, ठीक आहे. कोणी नको म्हटलंय?

खमकी_मावशी: तुमचं मिटलं असेल तर सांगा, वय कमी करायला कुठला फॉर्म असतो?